वैशाखात हत्तीगवताची पानं खालून का वाळतात? दुखणं पानात नाही, मुळात आहे

शिमगा होऊन पंधरा-वीस दिवस गेले की आमच्या बेळगाव जिल्ह्यातल्या निपाणी-चिकोडी पट्ट्यात, म्हसरं असलेल्या घरोघरी एकच बोलणं सुरू होतं. हत्तीगवत कमरेएवढं झालंय, शेंडा हिरवागार आहे आणि खालची चार-पाच पानं मात्र पिवळी पडून कडकडीत. भारा सोडला की निम्मा वाळका पाला. म्हशी शेंडे ओढून खातात, उरलेलं पायाखाली तुडवतात, आणि आठवडाभरात डेअरीच्या मापात फरक दिसायला लागतो. पाण्याची पाळी चुकलेली नाही, खत घातलेलं आहे, पानावर रोगाचा ठिपका नाही. तरी दरवर्षी हेच.

या प्रश्नावर मी सलग तीन उन्हाळे चुकले. त्या चुका आधी सांगते, कारण बहुतेकजण याच क्रमानं जातात.

पहिल्या वर्षी युरिया. पान पिवळं म्हणजे नत्र कमी, हे आपल्याकडं लहान पोरसुद्धा सांगतं. कापणी झाल्याबरोबर मुठीमुठीनं टाकला. शेंड्याला चार दिवस काळोखी आली आणि खालची पानं आणखी लवकर गेली. दुसऱ्या वर्षी पाणी वाढवलं. थ्री फेज लाईट दुपारची असायची, म्हणून एक-दोन वाजता सरी तुंबेपर्यंत मोटर चालू. पानं वाचली नाहीतच, उलट बुडख्याजवळच्या मातीला आंबूस वास यायला लागला. शेजारच्या अण्णांनी कानडीत 'बिसिल भाळ ऐत्री' म्हणून समजूत काढली. ऊनच फार आहे, त्याला आपण काय करणार, असा त्यांचा अर्थ. उन्हाबद्दल त्यांचं बरोबरच होतं. पण ऊन गवताला नेमकं कुठं लागतंय, हे आमच्यापैकी कुणीच बघितलं नव्हतं.

तिसऱ्या वर्षी उत्तर बांधाकडेच्या दोन ओळींत सापडलं. ऊस तुटून गेल्यावर पाचट ओढून बांधालगत टाकलं होतं, ते वाऱ्यानं पसरून गवताच्या कडेच्या ओळींवर बसलं होतं. कुणी मुद्दाम घातलेलं नव्हतं. मधल्या ओळींची पाच-पाच पानं वाळलेली, आणि या दोन ओळींत खालून दुसरं पानसुद्धा हिरवं. पाणी तेच, खत तेच, ठोंब एकाच दिवशी लावलेले. दुपारी दोन वाजता मी मधल्या सरीत तळहात टेकवला. पाचपर्यंत मोजलं आणि उचलावा लागला. पाचट बाजूला सारून टेकवला, तर माती ओलसर होती आणि हात तसाच ठेवून बसता आलं.

मग दोन्हीकडचा एकेक ठोंब खुरप्यानं उकरला. उघड्या सरीतल्या ठोंबाची वरच्या चार बोटांतली मुळं तपकिरी झाली होती. चिमटीत धरून ओढलं की वरची साल सुटून यायची आणि आत नुसती दोऱ्यासारखी शीर उरायची. पाचटाखालच्या ठोंबाला तीच मुळं भरलेली, टोकं दुधाच्या दातासारखी पांढरी.

लग्नाआधी मी वनस्पतिशास्त्रात बीएस्सी केलं होतं. पुस्तकात वाचलेलं त्या दिवशी हातात आलं. आम्ही तीन वर्षं पानावर इलाज करत होतो. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, तसं झालं होतं.

मूळ तापलं की पान का पिकतं

पानाचं पिकणं म्हणजे नुसतं वाळणं नव्हे. झाड ते काम स्वतः, पद्धतशीर करतं, आणि त्याचा हुकूम संप्रेरकांकडून, म्हणजे झाडाच्या हार्मोन्सकडून येतो. यात तीन नावं लक्षात ठेवण्यासारखी आहेत.

पहिलं सायटोकायनिन. ते मोठ्या प्रमाणावर मुळांच्या कोवळ्या टोकांत तयार होतं आणि पाण्याबरोबर वर पानांत जातं. ते पोचत राहतं तोवर पान आपलं हरितद्रव्य मोडायला घेत नाही. या गटातलं कायनेटीन हे पहिलं द्रव्य १९५५ मध्ये ओळखलं गेलं. दोनच वर्षांनी, १९५७ मध्ये, झाडावरून तोडलेली पानं कायनेटीनच्या द्रावणात ठेवली तर ती जास्त दिवस हिरवी राहतात, असं दाखवलं गेलं. त्या प्रयोगातली पानं होती आपल्याकडं ज्याला लांडगा किंवा शंकेश्वर म्हणतात त्या तणाच्या जातकुळीची. बांधावरून जाताना काटेरी बोंडं लुगड्याला चिकटतात ना, तेच. पुढं १९६३ च्या सुमारास मक्याच्या कोवळ्या दाण्यांतून नैसर्गिक सायटोकायनिन वेगळं काढलं आणि मक्याच्या 'झिया' या शास्त्रीय नावावरून त्याला झिआटीन म्हटलं. म्हणजे ही सगळी गोष्ट आपल्या बांधावरची आणि आपल्या पिकाची आहे.

आता मुळाची टोकंच भाजली तर सायटोकायनिन येणार कुठून? आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार. शेंड्यावरची नवी पानं उरलंसुरलं ओढून घेतात आणि खालची पानं आधी उपाशी पडतात.

दुसरं ॲब्सिसिक आम्ल. मुळाला आणि पानाला पाण्याची ओढ लागली की हे वाढतं आणि पानावरची सूक्ष्म रंध्रं मिटवतं. एक-दोन दिवसांसाठी हा बचावच आहे, पाणी वाचतं. पण पान थंड राहतं ते माठासारखं, पाणी झिरपून. रंध्रं मिटली की माठ झिरपायचा थांबला. पान आणखी तापतं, हवाही आत येत नाही, अन्न तयार होणं मंदावतं. हे आम्ल आठवडेच्या आठवडे चढं राहिलं की तेच हरितद्रव्य मोडायचं काम सुरू करून देतं. म्हणून दोन दिवसांच्या झळीनं गवत मरगळतं आणि सावरतं, पण महिनाभराच्या झळीनं खालची पानं कायमची जातात.

तिसरं इथिलीन, कच्ची केळी पिकवणारा तोच वायू. माझ्या दुसऱ्या वर्षाच्या चुकीचं उत्तर याच्यात आहे. तापलेल्या, तुंबलेल्या मातीत मुळांना प्राणवायू मिळत नाही. गरम पाण्यात तो विरघळतोही कमी, आणि तापलेलं मूळ श्वास मात्र जास्त घेतं. अशा गुदमरलेल्या मुळांत इथिलीनचा कच्चा माल साठतो, वर जातो आणि पानांत त्याचं इथिलीन होतं. पाणी भरपूर असूनही पान पिवळं, ते यामुळं.

हुकूम सुटला की पान मोडायला लागतं. हरितद्रव्याच्या मधोमध मॅग्नेशियम असतं, ते आधी काढलं जातं. मग हरितद्रव्य आणि त्याला धरून असलेली प्रथिनं सुटी होतात. पानातलं जवळजवळ तीन-चतुर्थांश नत्र हरितकणांत, म्हणजे हरितद्रव्य असलेल्या बारीक कणांत असतं. ते सुटं होऊन शिरांवाटे शेंड्याकडं किंवा बुडख्याकडं जातं. वाहतूक संपेपर्यंत शिरा लागतात, म्हणून शिरेलगतचा भाग शेवटपर्यंत हिरवा राहतो. गवताचं पान बुडाकडून वाढतं, म्हणजे त्याचं टोक हा सगळ्यात म्हातारा भाग. पिवळेपणा टोकाकडून खाली उतरतो तो त्याच कारणानं. जवळून बघा, एकाच पानावर टोकाला वाळका, मधे पिवळा आणि आवरणापाशी हिरवा असे तिन्ही टप्पे दिसतात.

युरियानं घात का केला हेही इथंच कळतं. आधीच दुबळ्या मुळावर आम्ही वरून वाढीचा जोर आणला. शेंडा फोफावला, त्याला पाणी आणि साखर जास्त लागायला लागली, मुळाच्या वाट्याला कमी आलं आणि खालच्या पानांवर सावलीही पडली. शिवाय चुनखडीच्या तापलेल्या काळ्या रानात उघड्यावर टाकलेल्या युरियातलं बरंचसं नत्र अमोनिया होऊन उडून जातं.

मुळाचं तापमान एवढं महत्त्वाचं का, याची खात्री गोल्फच्या मैदानावरच्या बेंटग्रास गवतावर अमेरिकेत झालेल्या प्रयोगांनी पटते. हवा ३५ अंशांवर ठेवून नुसती माती थंड ठेवली तर त्या गवताची पानं आणि मुळं पुष्कळ चांगली राहिली. दुसऱ्या प्रयोगात तापलेल्या मातीत मुळांपाशी झिआटीनचंच एक रूप टोचून दिलं, तर पानांचं पिकणं लांबलं. बेंटग्रास थंडीतलं गवत आहे, त्याला १५ ते २४ अंश मानवतात. आपलं हत्तीगवत, ज्वारी, मका उष्ण हवेतले, २७ ते ३५ अंशांत खूश असतात. पण चिकोडी-अथणीकडची हवा चाळिशीला टेकली की उघड्या काळ्या रानाचा वरचा थर हवेच्या कितीतरी वर तापतो, आणि तंतुमुळांची दाटी त्याच वरच्या थरात असते. भेगा पडल्या तर गरम हवा आणखी आत शिरते आणि मुळं तुटतात ती वेगळीच.

आधी ओळखा, मग हात लावा

सगळा पिवळेपणा उन्हाचा नसतो. सकाळी सहाला रानात जा, दुपारी नको. दुपारी पान गुंडाळलं जाणं साहजिक आहे. पहाटेही गुंडाळलेलंच असेल तर सरळ पाणी कमी पडतंय.

पिवळेपणा टोकाकडून मधल्या शिरेलगत उलट्या त्रिकोणासारखा उतरतो, शेंडाही फिकट असतो आणि वाढच थांबलेली असते, तेव्हा खरोखर नत्र कमी आहे. मका आणि ज्वारीत हे स्पष्ट दिसतं. पानाच्या कडा भाजल्यासारख्या असतील तर पालाश. खालची पानं हिरवी आणि शेंड्याची नवी पानं पिवळी, त्यात शिरा हिरव्या, म्हणजे लोह; चुनखडीच्या जमिनीत हे नेहमीचं. मक्याच्या पानावर लांबट, दोन्हीकडं निमुळते राखी डाग असतील तर तो करपा, उन्हाशी त्याचा संबंध नाही. पानामागं बारीक जाळी आणि धूळ बसल्यासारखं दिसलं तर कोळी ही बारीक कीड. आणि कापणी दोन-अडीच महिने लांबलेली असेल तर खालची पानं सावलीनंच पिकणार, तिथं कोयता हाच उपाय.

उन्हाचं दुखणं रानभर सारखं दिसतं, प्रत्येक फुटव्याला खालूनच सुरू होतं, मुरमाड जागी आणि उघड्या सरीत जास्त, बांधाच्या सावलीत कमी. नत्राच्या कमतरतेशी याची सहज गल्लत होते, कारण दोन्हींत झाड जुन्या पानातलं नत्रच काढून घेतं. शंका राहिली तर खुरपं घ्या आणि दोन ठोंब उकरा. मुळाचं टोक खोटं बोलत नाही.

काय केलं, काय उपयोगी पडलं

सगळ्यात मोठा फरक पाचटानं पडला, आणि आपल्या भागात त्याला तोटा नाही. ऊसतोड संपता संपता उन्हाळा लागतो, आणि नेमकं तेव्हाच आपण पाचटाला काडी लावतो. माझं कळकळीचं सांगणं आहे, निदान वैरणीच्या तुकड्यापुरतं तरी पाचट ठेवा. आधी पाणी द्या, वापसा आला की सरीत आणि ओळींमधे चार बोटं जाडीचा थर पसरा. कोरड्या मातीवर पसरलं तर पुढच्या हलक्या पाळीचं पाणी वरच्या वर पाचटच पिऊन टाकतं. ठोंबाच्या मानेशी वीतभर मोकळं ठेवा, नाहीतर फुटवे कुजतात. मातीत गाडू नका. गाडलं की कुजवणारे जिवाणू मातीतलंच नत्र ओढून घेतात आणि गवत पुन्हा पिवळं. खानापूरकडच्या लाल मातीत वाळवीचा त्रास असतो, तिथं थर पातळ ठेवून अधूनमधून उचलून बघत चला. ज्यांच्याकडं ऊस नाही त्यांनी सोयाबीनचं भुसकट किंवा म्हशींनी गाळलेली वैरण टाकली तरी चालतं. आणि बांधापलीकडं कुणी पाचट पेटवणार असेल तर मधे दोन सऱ्या मोकळ्या ठेवा. वैशाखात ठिणगीला निमित्त लागत नाही.

दुसरं पाणी. थोडं आणि लवकर लवकर, संध्याकाळी उशिरा किंवा पहाटे. लाईट दुपारचीच असेल तर शक्य असल्यास पाणी टाकीत किंवा शेततळ्यात घ्या आणि सांज झाल्यावर सोडा. तेही जमत नसेल तर निदान उन्हात पडलेल्या काळ्या पाइपातलं पहिलं पाणी बांधाकडं जाऊ द्या. हाताला चटका देतं ते मुळाला गार कसं लागेल? सरी तुंबवू नका. उन्हाळ्याच्या शेवटी कृष्णेचं पात्र आटतं आणि सगळ्यांचीच पाण्याच्या वाटेकडं डोळे लावून बसायची वेळ येते, तेव्हा तर पाचटाखालची ओलच काय ती आधार देते.

कापणीकडं मी आधी लक्षच देत नव्हते. आमचे मामा, म्हणजे सासरे, 'बुडख्याशी घासून काप, फुटवा जोमात येतो' असं सांगायचे. पावसाळ्यात ते खपून जातं. उन्हाळ्यात नाही. कापलं की मुळांची वाढ काही दिवस थांबते, आणि सावली गेल्यानं त्याच मुळांवर थेट ऊन पडतं. म्हणून आता चार ते सहा बोटं बुडखा ठेवून, उतरत्या उन्हाला कापते आणि त्याच संध्याकाळी तिथं पाचट ओढते. सगळा तुकडा एकदम मोकळा करत नाही, तुकडे पाडून पाळीपाळीनं घेते. चाळीस-पंचेचाळीस दिवसांपलीकडं कापणी लांबवत नाही. मामांनी पहिल्या वर्षी बुडखे बघून मान हलवली होती. दुसऱ्या उन्हाळ्यात पाचट ओढायला तेच पुढं होते.

खत बंद केलेलं नाही. नत्र अर्धं करून कापणीनंतर फुटवा दिसल्यावर, ओलीवर, मातीआड देते. पालाश माती तपासूनच. रयत संपर्क केंद्रात, म्हणजे कृषी खात्याच्या कार्यालयात विचारलं की माती कुठं द्यायची ते सांगतात.

बाटल्यांबद्दल एवढंच. एका दुकानातून 'पान हिरवं ठेवणारं टॉनिक' मीही आणलं होतं. समुद्री शेवाळाच्या अर्कात सायटोकायनिनसारखी द्रव्यं असतात हे खरं आहे, आणि मूळ थंड असेल तर त्याची थोडी साथ मिळते. पण मूळ भाजत असताना वरून फवारणं म्हणजे भोकाच्या घागरीत पाणी ओतणं. बाटलीवर काय लिहिलंय ते वाचल्याशिवाय घेऊ नका. एथेफॉन असेल तर त्यातून इथिलीनच सुटतं, म्हणजे आपल्याला हवं त्याच्या नेमकं उलट. पाण्याची वाफ रोखायला फळबागेत पांढऱ्या केओलिन मातीची फवारणी करतात, तीही वैरणीवर नको. जे जनावराच्या पोटात जाणार त्यावर थर कशाला?

बांधावर शेवरी लावली, त्याचा दुहेरी फायदा झाला. दुपारनंतर पश्चिमेचं ऊन अडतं आणि पाला शेळीला होतो. वाणाचं म्हणाल तर धारवाडच्या चारा संशोधन केंद्राचं डीएचएन-६ आणि राहुरीचं फुले जयवंत, दोन्ही आपल्याकडं लोक लावतात, दोन्ही चांगले. मात्र उघड्या तापल्या सरीत कुठलाच वाण खालची पानं धरून ठेवत नाही.

ओट आणि गव्हाचं गणित वेगळं आहे. ती थंडीतली गवतं. माघ सरता सरता ऊन चढलं की ओटाची पानं जाणारच, तेव्हा शेवटची कापणी फाल्गुनात उरकून रान मोकळं करावं, झुंजत बसू नये. उशिरा पेरलेल्या गव्हाचं, खपली गव्हाचंही, दाणा भरताना पान लवकर गेलं की दाणा चिमतो. तिथं खरा उपाय पेरणी वेळेवर करणं हाच, फार तर दाणा भरताना वारा पडल्यावर संध्याकाळी एक हलकं पाणी.

हे मात्र विसरू नका

उन्हानं खुंटलेली कोवळी ज्वारी, म्हणजे आपलं कडवळ, जनावराला घालू नका. ताणात वाढलेल्या कोवळ्या ज्वारीत हायड्रोसायनिक आम्लाचं विष होतं आणि म्हैस तासाभरात जाऊ शकते. कडवळ फुलोऱ्यावर आल्यावरच कापा. भरपूर युरिया टाकलेलं आणि मग ताणात सापडलेलं गवत, मका, बाजरीही जपून घाला. झाड नत्र उचलतं पण वापरू शकत नाही, ते बुडाकडच्या दांड्यात नायट्रेट म्हणून साठतं. बुडखा उंच ठेवून कापण्याचा इथं आणखी एक फायदा होतो. असली वैरण एकटी न देता कडब्यात मिसळून, थोडी थोडी द्या. जनावर धापा टाकायला लागलं, तोल जायला लागला, तर घरगुती उपायात वेळ न घालवता डॉक्टरांना बोलवा.

धोका वळवानंतरही असतो. पहिली मोठी सर पडली की दोन-तीन दिवसांत सगळं रान लुसलुशीत फुटतं, आपलाही जीव हरखतो. त्या फुटव्यावर जनावर सोडू नका आणि त्याच दिवशी युरियाची पिशवीही फोडू नका. पाचट तसंच राहू द्या. चार-सहा दिवसांनी दोन-तीन ठिकाणी पाचट सारून खुरप्यानं उकरून बघा. पांढरी टोकं बोटभर वाढलेली दिसली की मग खत द्या.